श्यामरावांचे बिल्ले

रेल्वेच्या डब्ल्यूआरएस कॉलनीत श्यामराव गणवीरांना ओळखत नाही असा माणूस भेटला, तर समजावं की तो कालच रायपूरला बदलून आला आहे. रेल्वेने रिटायर केलं, पण गडी रिटायर व्हायला तयार नाही. विहारातला नळ गळतोय, बोलवा श्यामरावांना. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं डीजेचा आवाज कमी करत नाहीत, बोलवा श्यामरावांना. आणि नाही बोलावलं तरी ते येतातच.

त्यांचे वडील गोंदियाकडचं गाव सोडून आले आणि रुळांखाली गिट्टी ठोकता ठोकता इथलेच झाले. श्यामराव मालगाडीचे डबे तपासायला लागले. आणि त्यांची श्रावणी सरकारी मेडिकल कॉलेजात शिकते. यातलं शेवटचं वाक्य श्यामराव सगळ्यांत आधी सांगतात. भाजीवालीला सांगतात, बँकेतल्या शिपायाला सांगतात, ऑटोत शेजारी बसलेल्याला सांगतात. एकदा रॉंग नंबर लागलेल्या कोण्या बिलासपूरच्या माणसालाही त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यानेही बिचाऱ्याने अभिनंदन केलं. अभिमान कोणाला नसतो? श्यामरावांचा जरा उतू जातो, एवढंच.

रविवारी श्रावणी होस्टेलवरून घरी आली की जेवताना बापलेकीची जुंपते. श्यामराव नागपूरचा मराठी पेपर वाचून तयार बसलेले असतात आणि तिने मोबाईलवर सगळं जग वाचून ठेवलेलं असतं. ते मराठीत विचारतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि राग आला की मराठीवर येते. श्रावणीची आई सुशीलाबाई दोघांच्या ताटात लाल भाजी वाढत जातात आणि कोणाचीच बाजू घेत नाहीत.

मागे एका डॉक्टरने वॉर्डात रडणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. बघणाऱ्यांनी डॉक्टरला देवमाणूस ठरवलं. श्यामरावांनीही तो व्हॉट्सअॅपच्या चार गटांवर पुढे पाठवला आणि मोठ्या कौतुकाने लेकीला दाखवला. श्रावणीचा घास हातातच राहिला.

"बाबा, उस बुढ्ढे से किसी ने पूछा था?"

"काय विचारायचं? डॉक्टर चांगलाच दाखवला ना त्यात."

"डॉक्टरच दाखवला. म्हाताऱ्याचं काय?" ती मराठीवर आली. "पेशंट खाटेवर पडला की त्याच्याजवळ काय राहते, बाबा? कपडे दवाखान्याचे, टाइम आमचा, भाषा आमची. त्याचं म्हणून एकच राहते, त्याच्या दुखण्याची गोष्ट. तेही आपण घ्यायचं?"

श्यामरावांनी मोबाईल उलटा ठेवला. पण हार मानतील तर ते श्यामराव कसले! त्यांनी इलाजाच्या मोफत कार्डांचा विषय काढला. काम होऊन राहिलं की नाही, बोल. श्रावणी म्हणाली, काम होतंय हे चांगलंच आहे. "पर आजार गरिबाचा, पैसा लोकांचा, इलाज नर्सनं केला, अन् कार्डावर फोटो नेत्याचा काहून?"

"फोटोनं काय जाते तुझं?"

"काम होऊन राहिलं म्हणून विचारायचं नाही, हे आपल्याले कोणी शिकवलं? बाबासाहेबांनी तर नाही शिकवलं."

त्या नावापुढे श्यामरावांचं काही चालत नाही. त्यांनी भात मागितला. मनातून मात्र ते असे खूश झाले होते की विचारू नका. संध्याकाळी चहाच्या टपरीवर हाच मुद्दा त्यांनी स्वतःचा म्हणून ठोकून दिला.

तर अशा या श्यामरावांनी यंदा एक मोठं काम अंगावर घेतलं. समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे ते सचिव होते. त्यांनी ठरवलं, या वेळी मेळाव्यात सिकलसेलची तपासणी करायची. यामागे त्यांचं स्वतःचं दुखणं होतं. त्यांच्या थोरल्या भावाच्या पोराला सिकलसेल होता. थंडी पडली की ते पोर हाडं धरून रात्रभर कण्हायचं आणि घरातले सगळे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ते पोर वाचलं नाही. आईबाप दोघंही धडधाकट, दोघांच्याही रक्तात आजार लपलेला, आणि लग्नाच्या वेळी कोणाला पत्ताच नव्हता. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक धोका असतो, हे त्यांना श्रावणीने समजावलं तेव्हा श्यामरावांच्या डोळ्यांना धार लागली होती.

श्रावणीला बापाचा बेत फार आवडला. तिने कॉलेजातल्या मॅडमची परवानगी काढली, मॅडम स्वतः यायला तयार झाल्या, वर्गातली पाच-सहा पोरंपोरी तयार झाली. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, किटवर टाकायचा, थोड्या वेळात कळतं. श्यामराव महिनाभर हवेत चालत होते.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण माणसाचा धंदा माणसाच्या अंगातून जात नाही. मालगाडीच्या यार्डात श्यामरावांनी उभी हयात काढली होती. हातोड्याने चाक ठोकायचं, आवाज ऐकायचा, डब्यात खोट सापडली की त्यावर 'सिक'ची, म्हणजे डबा आजारी असल्याची, चिठ्ठी लावायची. तो डबा गाडीतून सुटा होतो, दुरुस्तीच्या सिक लाइनीत जातो, दुरुस्त होतो आणि फिट होऊन निघतो. यात ना डब्याला लाज, ना तपासणाऱ्याला. श्यामरावांना वाटलं, हीच पद्धत मेळाव्यात का नको? ते सदर बाजारात गेले आणि बिल्ले बनवून घेऊन आले. ज्याच्या रक्तात काही नाही त्याला हिरवा, वाहक असेल त्याला पिवळा. छातीवर लावायचा. पिवळ्याने पिवळ्याकडे बघायचं नाही, संपला विषय.

बिल्ल्यांवर भैयाजींचा फोटो होता. भैयाजी म्हणजे वॉर्डातले पुढारी. निवडणूक जवळ आली होती, आणि मेळाव्याचा हॉल नि जेवण त्यांच्याकडून होतं. बिल्ल्यांची कल्पना ऐकून ते श्यामरावांना मिठी मारून म्हणाले होते, "बाबूजी, मंच पर मैं खुद लगाऊंगा, एक एक को." श्यामरावांनी शब्द दिला.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी ते बिल्ले ताटाशेजारी मांडले आणि लेकीच्या तोंडाकडे बघत बसले. शाबासकी येणार याची खात्रीच होती.

"ये क्या है, बाबा?"

त्यांनी सांगितलं. डब्याचं, चिठ्ठीचं, सिक लाइनीचं. "डब्याले चिठ्ठी लावली म्हणून डबा लाजते का?"

"डब्बे की शादी नहीं होती, बाबा," श्रावणी म्हणाली.

सुशीलाबाईंना हसू आलं, पण नवऱ्याचं तोंड बघून त्यांनी ते पदराआड लपवलं.

"तुझ्या काकाचं पोट्टं कसं गेलं, इसरली का?" श्यामरावांचा आवाज चढला. "तवा कोणी असा बिल्ला लावला असता, तर..."

"नाही इसरली. कळायलाच पाहिजे, बाबा. पर आधी ज्याचं त्याले, मग ज्याच्यासंग लग्न करायचं त्याले. सगळ्या हॉलले काहून? पिवळा बिल्ला लावला त्या पोट्टीकडे कोण येईल? वाहक म्हणजे आजारी नाही, हे कोणी ऐकून नाही घेणार. दोन दिवसांत अख्ख्या पाऱ्यात-मोहल्ल्यात होईल, हिच्यात खोट आहे. अन् पुढच्या साली तपासायले कोणी बोट पुढं नाही करणार."

"भैयाजीले मी शब्द देऊन बसलो."

"मी पण पेशंटले शब्द देऊन बसली. आम्ही तपासू, पडद्याच्या मागं. रिझल्ट ज्याचा त्यालेच सांगू. तुमच्या बिल्ल्याचं तुम्ही बघा."

ती न जेवता उठली. या घरात असं कधी झालं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवसांनी समोरच्या क्वार्टरमधली पिंकी फाटकापाशी आली. श्रावणीची लहानपणची मैत्रीण, खाजगी शाळेत शिकवायची. दोन ठिकाणांहून नकार आलेला, तिसरं भिलाईचं स्थळ मेळाव्यात भेटणार होतं. "काका," ती खाली बघत म्हणाली, "बिल्ला लावून राहिले का खरंच? लावणार असाल तं मी येत नाही. आईले तुम्हीच सांगा."

श्यामरावांनी या पोरीला सायकल शिकवली होती. "येजो तू," एवढंच म्हणाले. पण शब्द दिलेला आणि हॉल भैयाजींच्या पैशाचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्याच कल्पनेची धास्ती वाटली.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. मंचाच्या बाजूच्या खोलीला सुशीलाबाईंची निळी साडी बांधून पडदा केला होता. मॅडम आणि पोरंपोरी आत बसले होते. एकेक जण आत जायचा, बाहेर यायचा आणि आपल्या जागेवर जाऊन बसायचा. बाहेर बसलेले त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि त्यांना काही कळायचं नाही. मग भैयाजी आले. हारतुरे झाले, भाषण झालं, फोटोवाले पुढे सरकले. टेबलावर तबकात बिल्ले लखलखत होते.

"चलिए बाबूजी, नाम पुकारिए. बिटिया से कलर पूछ लीजिए."

श्यामराव माइकपाशी उभे राहिले. जयंतीला हजार माणसांसमोर बोलणारा हा माणूस, नावांची यादी नुसती उलटसुलट करत राहिला. तिसऱ्या ओळीतून पिंकी उठली आणि दाराकडे निघाली. श्यामरावांनी ते पाहिलं आणि त्यांची मान खाली गेली.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. श्रावणी पांढऱ्या कोटात, हातात किटचा ट्रे घेऊन मंचावर चढली. तिने भैयाजींना नमस्कार केला, अगदी घरच्या मोठ्या माणसाला करावा तसा.

"भैयाजी, शुभारंभ आपसे," ती माइकवर म्हणाली. "आप हमारे मुखिया हैं. पहले आपका ब्लड टेस्ट करेंगे. जो भी रिजल्ट आएगा, यहीं माइक पर बता देंगे. फिर पहला बिल्ला आपको लगेगा."

फोटोवाल्यांनी कॅमेरे वर केले. भैयाजींचा हात पुढे आला, आणि ट्रेमधली सुई दिसताच अर्ध्यावर थांबला. ते हसले. हसू जरा लांबलं.

"अरे बेटी, मेरा क्यों? ये सब तो... घर की बात होती है."

"जी भैयाजी," श्रावणी म्हणाली. "सबके घर की बात है."

मागे बायकांच्या बाजूला कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा हॉल वाजायला लागला. दारापाशी पिंकी थांबली. आणि श्यामराव गणवीर, सचिव, माइकसमोर ढसाढसा रडत होते. त्यांना लाज वाटत नव्हती. आपण ज्या पोरीला बोट धरून विहारात नेलं, तिने भरल्या सभेत कोणाचा अपमान न करता, आवाज न चढवता, सगळ्यांची इज्जत राखली होती. भैयाजींची राखली, आणि बापाचीही राखली.

पुढारी तो पुढारी. भैयाजींनी लगेच माइक घेतला आणि आपणही हेच म्हणत होतो, प्रायव्हसी फार जरूरी आहे, असं दोन मिनिटं ठासून सांगितलं. जेवण न करता ते गेले, पण जेवण ठेवून गेले, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. श्यामरावांनी तबक उचलून टेबलाखाली सरकवलं.

दुपारी जेवणानंतर पिंकी त्या निळ्या पडद्यामागे गेली. थोड्या वेळाने भिलाईचा तो मुलगाही गेला, कोणी न सांगता. दोघं बराच वेळ आत होते. बाहेर आले ते बोलत बोलत आले आणि चहा घ्यायला गेले. काय निघालं, काय ठरलं, त्यांच्या तोंडावरून कोणालाच कळेना, आणि लोकांचा जीव नुसता कासावीस झाला.

श्यामरावांनी एक खुर्ची आणली आणि पडद्याकडे पाठ करून दारातच बसले. पहारा. कोणी घुटमळलं की ते भुवया वर करायचे. शेवटी नात्यातल्या एक म्हाताऱ्या आत्याबाई काठी टेकत आल्या आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

"श्याम्या, पिंकीचं काय निघालं रे? मले तं सांग."

"मले नाही माहीत, आत्या."

"चाल! तुह्या पोट्टीनंच तं तपासलं. बाप आहेस ना तू तिचा?"

श्यामरावांची छाती पांढऱ्या सदऱ्यात मावेना.

"बाप आहो," ते म्हणाले. "मलेही सांगत नाही ती."