व्हॅनताई आणि बुटाचा खटला

व्हॅनताईंना पोलिसांनी आत टाकलं ही बातमी आमच्या गल्लीत दुधाबरोबर आली. दूधवाल्याने आदल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: कोर्टाच्या मागच्या अंगाला, दोन्ही हातांनी गज धरून उभ्या होत्या म्हणे. दुपारपर्यंत बातमी चांगली अंगाने भरली. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या मते त्यांनी साहेबाच्या अंगावर गाडी घातली होती, आणि आमच्या हिच्या मते साहेब वाचला हेच नवल. मी कुणाचं काही खोडून काढलं नाही. इतकी छान बातमी पुन्हा वर्षभर मिळत नाही.

खरं काय ते संध्याकाळी व्हॅनताईंनीच कुंपणावरून ऐकवलं. त्यांना अटक झाली नव्हती, त्यांच्यावर कुलूप पडलं होतं. कोर्टाच्या जुन्या कागदांची खोली सांभाळणाऱ्या किल्लीकाकांनी त्यांना आत सोडलं, "बघा व्हॅनताई, तुमचं तुम्हीच शोधा, मी चहा घेऊन येतो," असं सांगितलं, आणि जाताना हाताच्या सवयीने बाहेरून कुलूप घातलं. चहा झाला, पान झालं, कुणा ओळखीच्याची विचारपूस झाली. तोवर ही बाई खिडकीच्या गजांना धरून अख्ख्या रस्त्याला हाका मारत होती, आणि रस्ता तिच्याकडे बघून सायकली दामटत होता.

व्हॅनताई शाळेची व्हॅन चालवतात. गल्लीतल्या दर दुसऱ्या घरातलं पोर त्यांच्या गाडीत. त्यांचं खरं नाव मला या प्रकरणात पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तरी जिभेवर बसलं नाही. पोरं व्हॅनताई म्हणतात म्हणून आया म्हणतात, आया म्हणतात म्हणून गाव म्हणतं. गाडीला हॉर्न आहे, पण तो त्या वापरत नाहीत. त्यांचा आवाज पुरतो. थांबणं हा प्रकार या बाईच्या रक्तात नाही. लाल दिवा लागला तर त्या दिव्याचीही खरडपट्टी काढतात.

त्यांचे यजमान शिंपी आहेत, आमचे मास्तर. देवमाणूस, पण त्यांच्याकडे लग्नाचा शर्ट टाकला तर तो पहिल्या मुलाच्या वाढदिवसाला मिळतो. तेव्हा घर चालतं ते व्हॅनवर. आणि व्हॅनचा परवाना संपत आला होता. सोमवारी शाळा उघडणार, आणि परवाना देणारं ऑफिस म्हणे की तुमच्यावर वाहतुकीचा एक खटला बाकी दिसतोय, तो निकाली निघाल्याचा कोर्टाचा दाखला आणा. तिकडे चौकापलीकडचा बसवाला घरोघरी फिरून आयांना गोड बोलू लागला होता. सोमवारी व्हॅन दारात आली नाही तर पोरं बसमध्ये चढणार, आणि एकदा चढलेलं पोर पुन्हा उतरत नाही.

खटला कसला, तर बुटाचा. दोनेक वर्षांपूर्वी एका कार्ट्याने दुसऱ्याचा बूट खिडकीतून फेकला, तोही नेमका अरुंद पुलावर. व्हॅनताईंनी तिथेच गाडी उभी केली. मागे रांग लागली, हवालदार आला, वाहतूक अडवल्याबद्दल पावती फाडली. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतः चिखलात उतरून बूटही काढून दिला. व्हॅनताईंनी त्याला एका दमात शिव्याही दिल्या आणि आभारही मानले. पुढच्या तारखेला कोर्टात जाऊन दंड भरून आल्या. विषय संपला असं त्यांना वाटलं. पण आपल्याला वाटून कोर्टातले विषय संपत असते तर मग काय हवं होतं.

दंड भरल्याची पावती? ती मास्तरांनी खिशाचा साचा म्हणून कापली होती. कागद जाड होता, त्यांना आवडला. दुकानातल्या खिळ्याला तो अजून लटकत होता, छान गोलाई दिलेला. अर्धा शिक्का दिसत होता, बाकी मजकूर कात्रीने नेला होता. हे व्हॅनताईंना कळलं त्या संध्याकाळी मास्तर आमच्याकडे जेवले.

आता कोर्टाची गंमत ऐका. आमच्या आडवळणाच्या भागात कोर्ट रोज बसत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे, मधले दिवस पलीकडच्या गावात. न्यायाधीश साहेब फिरतात, त्यांच्याबरोबर किल्लीकाका फिरतात, आणि काकांच्या खिशातून किल्ली फिरते. कागद तेवढे जागच्या जागी बसून राहतात. कुलूपकांड झालं ते मंगळवारी.

आणि ते कागद लावलेत कसे? नावाने नाही, गाडीच्या नंबराने नाही, तारखेने तर नाहीच नाही. ज्या पोलिसाने पकडलं त्याच्या नावाने. एका पोलिसाचं एक गाठोडं. काकांनी त्याचं कारण असं सांगितलं की पोलीस साक्षीला येतो तेव्हा त्याच्या सगळ्या केसेस एकदम काढता येतात, त्याचा हेलपाटा वाचतो. पोलिसाचा वाचतो, हे खरं आहे.

"तुम्हाला कुणी पकडलं ते सांगा," काका म्हणाले.

व्हॅनताई म्हणाल्या, बूटवाल्याने. आता बूट तर सगळेच पोलीस घालतात. काकांनी गाठोड्यांच्या भिंतीकडे हात केला, तुमचं तुम्हीच शोधा म्हणाले, आणि पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

गुरुवारी सकाळी मला हुकूम झाला. "भावजी, तुम्हाला काही काम नसतं. स्कूटर काढा." व्हॅन बाहेर काढून नवी पावती ओढवून घ्यायची नव्हती, म्हणून माझा बळी. मागे बसून त्या मला गाडी चालवायला शिकवत होत्या. मी तीस वर्षं स्कूटर चालवतो; त्या दिवशी कळलं की सगळी चुकीची चालवली. प्रत्येक चौकात थांबून पोलिसाचं तोंड न्याहाळायचं, आणि पोलीस हातातल्या पावतीपुस्तकाशी चाळा करत आमच्याकडे बघणार. एकाने मला लायसन्स विचारलं. व्हॅनताईंनी त्याला सांगितलं की तुमच्याकडे आमचं काम नाही, तुमची उंची कमी आहे.

संध्याकाळी बूटवाला सापडला. बदली होऊन बाजारच्या नाक्यावर आला होता, मिशी गेली होती, पोट आलं होतं. व्हॅनताईंनी आधी नाव विचारलं नाही, थेट म्हणाल्या, "पुलावरचा बूट आठवतो का?"

तो हसला. "डाव्या पायाचा. सगळी पोरं ओरडत होती, व्हॅनताईंना सोडा, व्हॅनताईंना सोडा."

त्याच्याकडून त्याचं नाव घेतलं, आणि शुक्रवारी कोर्ट उघडायच्या आत आम्ही दारात. काकांनी गाठोडं सोडलं, धुळीने सगळे शिंकले, आणि कागद निघाला. एक नाही, दोन. एक खटल्याचा: गाडीच्या नंबरावरून ऑफिसने त्यावर व्हॅनताईंचं पूर्ण, छापील, खरं नाव चढवलं होतं, आणि खाली "बाकी" असा शेरा. दुसरा दंड भरल्याचा: तारीख बरोबर, गुन्हा बरोबर, गाडीचा नंबर लिहायचा राहिलेला, आणि भरणाऱ्याचं नाव, स्वच्छ अक्षरात, "व्हॅनताई". हवालदाराने पोरांचं ऐकून लिहिलं, आणि पैसे घेणाऱ्याने हवालदाराचं बघून. म्हणजे जिच्यावर खटला तिने दंड भरला नव्हता, आणि जिने भरला तिच्यावर खटलाच नव्हता.

काकांनी चष्मा काढून पुसला. या दोघी एकच आहेत याला पुरावा लागेल, म्हणाले. मी पुढे झालो, तर शेजाऱ्याची साक्ष चालत नाही, शेजारी एक तर मित्र असतो नाही तर वैरी, असं त्यांचं म्हणणं. घरचं माणूस आणा. मी स्कूटरवर मास्तरांना उचलून आणलं, गळ्यातल्या टेपसकट.

काकांनी विचारलं, "मास्तर, या बाई म्हणजे व्हॅनताई, बरोबर?"

मास्तरांनी विचार केला. खूप केला. मग म्हणाले, "खोटं कशाला बोलू? मी तिला त्या नावाने कधी हाक मारली नाही. मी अगं म्हणतो."

व्हॅनताईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता खरोखरचा खटला उभा राहतोय. परवान्याचं ऑफिस दुपारी बंद होणार होतं. पुढचं कोर्ट मंगळवारी, आणि मंगळवारी बस भरून गेलेली असणार. व्हॅनताई सोडलेल्या गाठोड्याशेजारी बसल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना थांबलेलं पाहिलं ते तेवढंच, आणि खोटं का सांगू, त्या वेळी मला थट्टा सुचली नाही.

काकांनाही वाईट वाटलं असावं. टेबलावरून पुढे झुकून, समजुतीच्या सुरात म्हणाले, "व्हॅनताई, रागावू नका. पण तुम्हीच व्हॅनताई आहात हे मी कशावरून मानायचं?"

दारात साहेब उभे होते, शिंकांचा आवाज ऐकून आलेले. त्यांनी काकांना एवढंच विचारलं की तुम्ही आत्ता कुणाशी बोलत होतात. काकांनी दाखल्याचा कागद पुढे ओढला. साहेबांनी उभ्या उभ्याच सही केली.

हरलेल्या माणसाला उपदेश केल्याशिवाय चैन पडत नाही. शिक्का मारता मारता काका म्हणाले की बाई, पुढच्या वेळी पोलिसाला नीट, खरं, पूर्ण नाव सांगत जा.

व्हॅनताईंनी दाखल्याची घडी घातली, मास्तरांच्या हाताला लागू नये म्हणून पिशवीच्या तळाशी ठेवली, आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमचं नाव सांगेन, काका. मग बसा शोधत. मी चहा घेऊन येते."