बंद खोलीतला राब

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरात बुद्धवंदना आणि पुस्तकं. नवस नाही की अंगारा नाही. त्यातून माझं कामच पुरावा मागण्याचं...

मी शेणव्याचा, शहापूर तालुका. भाताच्या बियाण्यावर संशोधन करायला जर्मनीत गेलो. गोष्ट २००३ची. परदेशात संशोधन म्हटलं की गावाला वाटतं, पोराची चैन आहे. कसली चैन! दोन वर्षांचा करार, करारावर व्हिसा, आणि कायम टांगती तलवार. माझा करार जूनमध्ये संपत होता. तो वाढायचा, तर बाबांनी दिलेलं आमच्या शेतातलं जुनं गावठी बी उगवून दाखवायला हवं होतं. तीनदा पेरलं, तीनदा फुकट. खरं सांगतो, थकलो होतो.

दर रविवारी माझा फोन घ्यायला बाबा गावातल्या एसटीडी बूथवर यायचे. त्यांना सांगितलं.

"राब भाजलास का?"

आमच्याकडे उन्हाळ्यात, पेरणीआधी, रोपांच्या जागेवर शेण आणि पाला पसरून जाळतात, तो राब. मी हसलो. "बाबा, इथं काडी ओढली तरी बंब येईल!"

"मग कसं उगवल रे? शिकलास का इसरलास?"

मी विषय बदलला.

त्या मंगळवारी सकाळी दहाला मी रोपांच्या खोलीत होतो. खिडकी नाही, दार आपोआप लागतं. आणि वास आला... राबाचा! जळकं शेण, सागाचा पाला — लहानपणापासून नाकात बसलेला. वाटलं, झालं, आपलं डोकं फिरलं. तेवढ्यात आमची सहायक हेल्गा खोकतच आत आली. "काय जाळतोयस?" धुराचा अलार्म मात्र गप्प. दहा मिनिटांत वास गेला. चौथ्यांदा पेरलेल्या बारा ट्रेंपैकी एकावर राखाडी भुकटी पडली होती.

चौथ्या दिवशी तेवढाच ट्रे उगवला. बाकीचे अकरा तसेच.

धुराने काही बिया जाग्या होतात, हे मलाही माहीत आहे हो. पण धूर आला कुठून?

रविवारी मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "मंगलवारी तुझ्या नावचा राब भाजला. दीडची एसटी गेली न् पेटवला."

आमचे दहा म्हणजे गावचे दीड. आई गेल्यापासून बाबा एकटेच होते. न राहवून विचारलं, "बाबा, बी उगवलं नसतं तर मी परत आलो असतो. तुम्हाला नको होतं का?"

बाबा म्हणाले, "यायचं तर ये रे. पन बी उगवलं नाय म्हनून नको येऊ."

करार वाढला. मग पुन्हा, मग पुन्हा... परवानगी काढून धूर देऊनही ते बी परत कधी उगवलं नाही. बाबाही गेले. मी अजून इथेच, अजून परकाच.

ती भुकटी पाकिटात जपून ठेवली आहे. तपासणं एका दुपारचं काम. पण पाकीट उघडवत नाही. साधी धूळ निघाली, तर इतकी वर्षं मी इथे कशाच्या जोरावर राहिलो?