डाकोटाच्या पंखावरचा अंगठा

रविवार, संक्रांतीचा आदला दिवस. ठिकाण: आमचं कराडचं घर. हजर: मी, माझे यजमान, सासूबाई आणि जेवणाच्या टेबलावर हातभर लांबीचं एक डाकोटा विमान. उशिरा हजर: माझे वडील, नाना.

त्या दिवशी विमानाला कुणीही हात लावला नाही. तसं घरातल्या प्रत्येकाने मला तोंडावर सांगितलं.

विमान प्लास्टिकचं होतं. नाना हवाई दलात देखभालीच्या कामावर होते आणि नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी डाकोटाच्या पंखाखाली उताणं पडून काढली. आता त्यांची पंच्याहत्तरी आली होती. शाल, घड्याळ, चांदीचा पेला असलं काही दिलं की नाना ते उलटं करून बघतात आणि परत देतात. म्हणून मी सुट्या भागांचा खोका मागवला, दिवाळीपासून खपून विमान जोडलं, चंदेरी रंग दिला. पंच्याहत्तरीचा कार्यक्रम संक्रांतीला उंब्रजला, नानांच्या घरीच होता. माझ्या हातात रविवार शिल्लक होता आणि काम होतं फक्त शेवटच्या तीन हातांचं.

भेट हे आपलं म्हणायला. खरं कारण असं, की नानांनी माझी एकही गोष्ट आजवर पहिल्या फेरीत पास केलेली नाही. लहानपणी ते माझं दप्तर तपासायचे, अंथरुणाची घडी तपासायचे. माझ्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब हलवून बघितला, मग नवरदेवाकडे वळून म्हणाले, "दिसाया बरा हाय, पर सेकंड चेक लागंल." (तो सेकंड चेक अजून झालेला नाही. यजमान वाट बघून आहेत.) या वेळी त्यांच्या तोंडून 'पास' हा शब्द ऐकायचाच, असं मी ठरवलं होतं.

आणि नानांची तपासणी डोळ्यांनी होत नाही, अंगठ्याने होते. टायर असो, कलिंगड असो, जावयाने नवीन घेतलेला सोफा असो, नाना आधी अंगठा दाबणार. उंब्रजच्या घराच्या पायरीत, सिमेंटमध्ये, त्यांचा अंगठा आजही आहे. गवंडी सांगत होता, "आवं नाना, वलं हाय." नाना म्हणाले, "बघू की."

तर शेवटचे तीन हात असे. आधी चकचकीत वार्निश. ते वाळलं की वॉश, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला काळपट तेलरंग. तो ब्रशने टेकवला की पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषांमधून आपोआप धावत जातो, आणि बाहेर सांडलेला पुसून घेतला की प्लास्टिकचं खेळणं एकदम खरं विमान दिसायला लागतं. सगळ्यात शेवटी मॅट वार्निश, म्हणजे चकाकी जाते. सकाळी पहिला हात, दुपारी वॉश, संध्याकाळी मॅट. मी सकाळीच चकचकीत वार्निश मारलं, विमानाशेजारी चिठ्ठी उभी केली, "ओलं आहे. हात लावू नये", आणि कामांच्या यादीत पहिल्या कामावर बरोबरची खूण केली.

यानंतर दुपारपर्यंत काय करायचं होतं? काहीच नाही. आणि काहीच न करणं मला येत नाही.

मी फ्रीज आवरला. डब्यांना त्यांची झाकणं शोधून दिली. तीन झाकणं उरली, त्यांना डबे नव्हते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लावली. कॅलेंडरचा खिळा ठोकला. मिक्सरच्या भांड्याचं रबर काढून घासलं. प्रत्येक कामाला जाता-येता टेबलाजवळून जावं लागत होतं, आता घरच तसं बांधलंय त्याला मी काय करणार. स्वयंपाकघरात सासूबाई तिळाचे लाडू वळत होत्या. मी त्यांना आत्या म्हणते.

"शैला, बस की जरा," आत्या म्हणाल्या. "तुज्या चकरांनी माजा पाक बिगडंल."

"वार्निश वाळायचंय, आत्या."

"ते तू चालल्यानं वाळतंय व्हय?"

यजमान कॉलेजात वर्कशॉप शिकवतात. ते पेपर वाचत होते. पेपरामागून म्हणाले, "वार्निश वरून वाळलेलं दिसतं, पण आतून मऊ असतं. हात मात्र लावू नकोस."

"मला सांगताय? चिठ्ठी कुणी लिहिलीय?"

दुपार झाली. मी वॉश कालवला, ब्रश टेकवला. काळी रेघ पंखावरून सरसर धावत गेली, इतकी सुंदर की मी आत्यांनाही बोलावून दाखवली. सगळ्या विमानाला वॉश दिला, थोडं थांबले (म्हणजे मीठ-मसाल्याचा डबा घासला) आणि मग कापसाच्या काडीने जास्तीचा रंग पुसायला घेतला.

रेषा आल्या. त्याबरोबर विमानाच्या नाकावर एक अंगठा आला.

अंगठा म्हणजे अंगठाच. प्रत्येक वळण, प्रत्येक वळसा, काळ्या रंगात भरून, पेन्शनच्या कागदावर असतो तसा. मऊ वार्निशवर कुणीतरी बोट दाबलं होतं आणि वॉशने आपलं काम चोख करून त्यातली रेघ न् रेघ भरली होती. शेपटीवर दुसरा ठसा निघाला. आणि डाव्या पंखावर, बरोबर मध्यभागी, तिसरा. तो सगळ्यात मोठा आणि सगळ्यात खोल.

मी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं.

"विमानाला हात कुणी लावला?"

"मी पेपर वाचत होतो," यजमान म्हणाले.

"मी कशाला लावतीया बाई? माजं हात पाकात," आत्या म्हणाल्या.

मी पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. म्हाताऱ्या सभासदांचे अंगठे घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी कपाटातून शाईचा पॅड आणि भिंग काढलं.

"अगं, हे काय पोलीस ठाणं आहे का?" यजमान म्हणाले.

"अंगठा."

नाकावरच्या ठशाला मधोमध आडवी चीर होती. यजमानांच्या अंगठ्यालाही लेथ मशीनवर लागलेली आडवी चीर आहे. त्यांनी भिंगातून बघितलं.

"मी फक्त आतून मऊ आहे का ते बघितलं," ते म्हणाले. "होतं. म्हणून तर तुला सांगितलं."

शेपटीवरच्या ठशाला भिंगसुद्धा लागलं नाही. त्यात एक तीळ चिकटला होता.

"आत्या?"

"माशी बसली हुती गं त्याच्यावर. हाकलाया गेले."

"अंगठ्यानं?"

"बसलीच हुती दांडगी."

राहिला पंखावरचा. तो यजमानांच्या अंगठ्याशी जुळेना, आत्यांच्या दोन्ही अंगठ्यांशी जुळेना. मी म्हटलं, सकाळी दूधवाला आत आला होता का? कामवाल्या मावशी रविवारी येतात का? माझं डोकं भराभर चालू होतं. आत्यांनी शांतपणे शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला.

"आता तुजा दे."

"माझा कशाला? चिठ्ठी माझी आहे, आत्या."

"दे की. सभासदच हायेस न्हवं घरातली?"

मी अंगठा उमटवला. भिंग यजमानांनी धरलं. त्यांच्या खांद्यांची हालचाल मला अजिबात आवडली नाही. मला शपथेवर काही आठवत नव्हतं. फडकं घेऊन जाताना कधीतरी हाताने परस्पर बघून घेतलं असणार. (कणीक मळल्यावर मी दाबून बघते. दोरीवरचे कपडे दाबून बघते. बस उभी असेल तर तिचं टायरही दाबते.)

"घासकागदाने घासून परत वार्निश मारावं लागेल," यजमान म्हणाले, "आणि या खेपेला उद्या सकाळपर्यंत वाळू द्यावं लागेल."

तेवढ्यात फोन वाजला. नाना होते.

"एस्टीत बसलोय. उद्या घर पावण्यांनी भरंल, तवा काय बघाया मिळायचं न्हाई. दिवाळीपासनं काय जोडतीयास, ते आजच बघून जातो."

उंब्रज ते कराड एस्टीने जेमतेम अर्धा तास, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. घासायला वेळ नव्हता. घाईत माझं डोकं चालतं, पण उलट्या दिशेने. मी विचार केला, वरून वार्निशचा एक जाडजूड थर दिला तर ठसे झाकून जातील. दिला. वार्निश पारदर्शक असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिन्ही ठसे आता काचेच्या फ्रेममध्ये बसवल्यासारखे झळकायला लागले. पंखावरचा तर आधीपेक्षा मोठा दिसत होता.

नाना आले. चपला काढल्या, पाणी घेतलं नाही, सरळ टेबलापाशी. खिशातून चष्मा काढला आणि विमानाभोवती एक फेरी मारली. आत्या लाडवांचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. यजमानांनी पेपर उघडला, तो उलटा होता.

नाना वाकले. इंजिनांकडे बघितलं, खिडक्या बघितल्या, चाकं बघितली. काही बोलले नाहीत. न बोलणं ही नानांच्या बाबतीत चांगली खूण असते. मग पंखाशी थांबले.

"ह्यो अंगठा कुणाचा?"

"माझा, नाना."

"शेपटीवरचा?"

"मामा, तो आईचा," यजमान तत्परतेने म्हणाले. "नाकावरचा माझा."

नानांनी चष्मा पुसून परत लावला. पंखावरच्या रेषेवरून हवेतूनच बोट फिरवत गेले. "ह्या फटी बराबर आल्यात," ते हळूच म्हणाले. "अशाच काळ्या पडायच्या. कितीबी पुसा." मग म्हणाले, "वार्निश वलं दिसतंय."

"नाना, ओलं आहे," मी म्हणाले. "आत्ताच मारलंय. नाना, हात नका..."

"बघू की," नाना म्हणाले.

आणि माझ्या अंगठ्याशेजारी, पंखाच्या मध्यभागी, त्यांनी आपला अंगठा सावकाश, नीट, पूर्ण भार देऊन दाबला.

नानांनी अंगठा उचलला, त्याच्याकडे बघितलं, पंखाकडे बघितलं.

"वलं हाय," ते म्हणाले.

"व्हय नाना."

मी घासकागद शोधायला उठले, तसा त्यांनी हात आडवा केला. "बस खाली. आमच्यात असंच असायचं. काम केलेल्यानं सही करायची, मग तपासणाऱ्यानं शेजारी सही करायची. दोन सह्या झाल्या की इमान सोडायचं. आता खोडाखोड न्हाई." त्यांनी एक लाडू उचलला, आधी दाबला, मग खाल्ला. "पास."

ज्या शब्दासाठी मी एवढी वर्षं थांबले होते, तो नक्की विमानाला होता की लाडवाला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आत्यांच्या मते लाडवाला.

दुसऱ्या दिवशी उंब्रजला जाताना विमान माझ्या मांडीवर होतं. आता ते नानांच्या टीव्हीवरच्या फळीवर आहे आणि आल्या-गेल्याला चार अंगठ्यांची ओळख करून दिली जाते. काम एकच बाकी राहिलंय, मॅट वार्निशचा शेवटचा हात. डबा आणून ठेवलाय, ब्रश धुऊन ठेवलाय, दर महिन्याच्या कामांच्या यादीत ते मी सगळ्यात वर लिहिते. पण तो हात द्यायच्या आधी नानांचा ठसा आतून पूर्ण वाळलाय का, ते कुणीतरी दाबून बघायला हवं.