दोन सायकलींपुरती गाडी

एका लग्नात मी वऱ्हाडाच्या गाडीचं मागचं दार उघडून आत टेप लावत होते. नवरदेवाचा मामा मागून आला आणि म्हणाला, "बाई, काही हरवलं का तुमचं?" मी म्हटलं, "न्हाई, उंची बघून राहिले." तो बिचारा दोन पावलं मागं सरकला. वसमतच्या अलीकडच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवते, म्हणून निभावलं. दुसरं कुणी असतं तर लोकांनी चोर म्हणून धरलं असतं.

हा शिलाईचा टेप चार महिने माझ्या पर्समध्ये होता. कारण माझ्या दोन पोरी. दोघी बापावर गेल्या, ताडमाड वाढल्या, आणि दोघींना सायकलच्या शर्यतीचं वेड. दुकानात मिळते त्यातली सगळ्यात मोठ्या मापाची सायकल दोघींना लागते. घरात त्या सायकली उभ्या केल्या की माणसांनी अंग चोरून चालायचं.

त्या लग्नाच्या आदल्या हंगामात नांदेडला शर्यत होती. गावातून हळदीचा टेम्पो चाललाच होता, म्हणून यजमानांनी सायकली पोत्यांवर आडव्या टाकून पाठवल्या. आम्ही एसटीनं गेलो. तिथं सायकली उतरवल्या तर थोरलीचा मागचा गिअर वाकलेला. बाकीच्या पोरी सुटल्या आणि ही कडेला सायकल धरून उभी राहिली. रडली नाही. घरी आल्यावर ताटावर बसताना म्हणाली, "आई, पुढच्या बारीला सायकल माझ्या डोळ्यासमोर गाडीत आत असंल तर मी येईन. न्हाई तर मी सोडून देते."

ती ओरडली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण ती हळू बोलली, आणि मला धडकी भरली. आमच्याकडे पोरीनं एक गोष्ट सोडली की लोक दुसरी तयारच ठेवतात. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दोन स्थळं हेरूनही ठेवली होती. संभाजीनगरला सायकल-संघाची निवड चाचणी चार महिन्यांवर होती. तोवर सायकली आत बसतील अशी गाडी दारात उभी करायची, असं मी ठरवलं आणि माझ्या पायाला भिंगरी लागली.

वर्गात फळ्यावर गणित लिहिताना मी मनात लांबी-रुंदीच करायचे. बसस्टँडवर, बाजारात, दवाखान्याच्या दारात, जी गाडी दिसेल तिच्या मागं जाऊन उभी. एक गाडी लांबीला बरोबर, तर दाराला ठेंगणी. दुसरीचं दार मोठं, पण आत चाकांवर दोन उंचवटे. तिसरीत सगळं बसायचं, पण सायकल आडवी पाडून, आणि गिअरच्या बाजूनं आडवी पाडायची तर टेम्पोनं काय वाईट केलं होतं? रात्री झोप नाही, दिवसा धड जेवण नाही. यजमान म्हणायचे, "अगं, दम धर जरा." दम धरणारी माणसं मला त्या दिवसांत शत्रूसारखी वाटायची.

सव्वा महिना मी असं मोजल्यावर एकदा धाकटीनं माझी वही पाहिली. "आई, एवढी लांबी कशाची?" मी म्हटलं, सायकलची. ती हसत सुटली. "अगं, पुढचं चाक निघतं!" आणि तिनं एक खिट्टी फिरवून चाक काढून माझ्या हातात दिलं. एवढे दिवस बघणाऱ्या त्या दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नाही? मी दोघींना झापलं आणि वहीची पानं फाडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

घरात वेगळीच कुस्ती. यजमानांना वाटायचं, घ्यायचीच तर चारचौघांत उठून दिसेल अशी घ्यावी. मामा तर रोज विचारायचे, "गाडी काय माणसासाठी असती का सायकलीसाठी?" मी म्हणायचे, "ही सायकलीसाठीच हाय." ते मान हलवत ओट्यावर जाऊन बसायचे.

शेवटी हिंगोलीला एका आचाऱ्याची जुनी लांब व्हॅन मिळाली. लग्नातली मोठाली पातेली न्यायला त्यानं मागचं बाकडं कायमचं काढून टाकलं होतं. आत रश्श्याचा वास मुरलेला. मी दोन्ही सायकली सोबत नेल्या होत्या, भाड्याच्या पिकअपमध्ये गोधड्यांत गुंडाळून. मधल्या बाकाचा मोठा भाग दुमडला आणि चाकं काढून दोन्ही उभ्या केल्या. हँडल टपाला लागेना, दार बिनघोर लागलं. पुढं दोन जागा, मध्ये बाकाच्या तुकड्यावर अंग चोरून दोन. यजमान, मी, दोन पोरी. इतकं नेमकं बसलं की मला तिथंच भरून आलं. आचारी म्हणाला, "बाई, सायकलीचं दुकान हाय का तुमचं?"

नवी असो की जुनी, गाडी आली की आधी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यायची, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी सायकली घरीच. मागं सतरंजी अंथरली, आणि जाऊबाई, त्यांची लेकरं, शेजारीण, शेजारणीची आई असे अकरा जण तिच्यावर ऐसपैस बसले. येताना जो तो म्हणत होता, "लई जागा हाय हो गाडीत." मी खुशीत होते, मीही व्हय म्हटलं. चार महिने मी इंच न् इंच मोजला, पण आमच्या गावात रिकामी जागा दिसली की ती सगळ्यांची होते, हे मोजलं नाही. मी याच गावची सून, मला हे कळायला नको होतं?

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी निघायचं होतं. सायकली चढवल्या, पोरी मध्ये बसल्या, मी पुढं. इतक्यात यजमानांच्या थोरल्या आत्या पिशवी घेऊन दारात उभ्या. डोळ्याचं ऑपरेशन, संभाजीनगरच्या दवाखान्यातली तारीख दुसऱ्या दिवशीची. "तूच म्हणला होतास ना बाबा, जागा हाय, ये म्हणून," त्या भाच्याला म्हणाल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं. दाराची कडी त्या हातानं चाचपत होत्या.

मी यजमानांकडं पाहिलं. ते टायरकडं पाहून राहिले. मामा आतून दोर घेऊनच आले. "एक सायकल टपावर बांधा, गच्च. काय व्हतं?"

चार महिने घरादाराला धारेवर धरणारी मी, त्या क्षणी ढिली पडले. म्हातारीला नाही कसं म्हणू? आणि मीच, माझ्याच तोंडानं म्हटलं, "धाकटीची बांधू वर. तिची चाचणी काही एवढी..." धाकटीनं खाली मान घातली. आजही ते वाक्य आठवलं की मला माझी लाज वाटते.

थोरली दार सरकवून खाली उतरली. आजोबांच्या हातातला दोर तिनं घेतला, गुंडाळला आणि ओट्यावर ठेवला. मग माझ्या बाजूचं दार उघडलं.

"आई, तू उतर."

"काय?"

"आत्याआजीला पुढं बसू दे. सायकल न्हाई उतरायची. कुणाचीच."

मी उतरले. आत्याबाईंना हात धरून माझ्या जागेवर बसवलं, पिशवी पायाशी ठेवली. थोरलीनं माझ्याकडं बघितलंही नाही, आत जाऊन सायकलच्या हँडलवर हात ठेवून बसली. गाडी फाट्याकडं वळली.

मी घरात गेले नाही. घरात गेले असते तर भांडी आदळली असती. तशीच फाट्यावर जाऊन उभी राहिले आणि परभणीची एसटी आली तीत चढले; तिथून पुढं संभाजीनगरची धरायची. बसायला जागा नव्हती. कंडक्टरनं विचारलं, "किती?" मी म्हटलं, "एक." दांडी धरून उभी होते आणि तळपायाची आग मस्तकात गेली होती. जन्म दिला, टेप घेऊन गावभर हसं करून घेतलं, आणि माझ्याच गाडीतून मला खाली उतरवलं! अर्धा रस्ता मी तिला मनातल्या मनात काय काय बोलले.

झिरोफाट्याच्या पुढं एक जागा रिकामी झाली. मी टेकले, तेव्हा कुठं माझं डोकं ताळ्यावर आलं. गेले चार महिने मला एकच भीती होती, ही पोरगी सायकल सोडून देईल. आता जी आईला खाली उतरवते, ती कशाला सोडते?