परवानाधारकाची मुलगी

आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं आणि ज्यांना माहीत असतं ते त्यावर हसतात. मी हसत नाही. माझ्याकडे आजन्म परवाना आहे. प्रकृती नीट राहावी म्हणून अर्जदाराला दारू हवी आहे, असं त्या अर्जात आधीच छापलेलं होतं आणि त्याखाली मी शांतपणे सही केली होती. परवाना घरी आला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, फ्रेम करून घ्या. देवघराशेजारी एक खिळा मोकळा आहे." मी तो पाकिटात ठेवला.

माझी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. मार्केट यार्डातल्या किती काट्यांवर मी शिक्का मारला असेल आणि किती काटे जप्त केले असतील, देव जाणे. त्यामुळे मोजून-मापून वागायची सवय हाडात मुरली आहे. शनिवारी संध्याकाळी मी दोन लहान पेग घेतो, तेही मापाने. बाटलीतून अंदाजाने ओतणारा माणूस मला बघवत नाही.

आमची मुलगी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही राहतो हडपसरला. चोवीस वर्षांची असताना एका सकाळी तिने चहा गाळता गाळता मला सांगितलं, "बाबा, काल टीमच्या पार्टीत मी जिन घेतली. मला आवडली." लहानपणी शाळेत मिळालेली छडी जशी येऊन सांगायची, तसंच सांगितलं.

मी काय करायला हवं होतं? निदान बसायला तरी हवं होतं. मी उभ्यानेच तिला कायदा समजावला. बिअर आणि वाइनला एकवीस, बाकी कडक दारूला पंचवीस. म्हणजे वाइन घेतली असतीस तर चाललं असतं, जिनला अजून वर्षभर थांब. शिवाय परवाना. मी पाकीट काढून तो दाखवलासुद्धा. तिने तो दोन्ही बाजूंनी पाहिला, "ओके" म्हणाली आणि चहा घेऊन आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलत होती, पण सांगत काहीच नव्हती. ऑफिस कसं चाललंय? ठीक. कालचा कार्यक्रम? ठीक. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडण मिटवता येतं. या "ठीक"चं काय करायचं ते मला कळेना. मला वाईट वाटत होतं आणि तसं म्हणायची लाजही वाटत होती, कारण माझं तर काहीच चुकलेलं नव्हतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, "ती तुमच्याशी बोलायला आली होती. तुम्ही तिला शासननिर्णय वाचून दाखवलात."

आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी वादविवाद स्पर्धा होते. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सतरंज्या-खुर्च्या, एक घंटा, दोन परीक्षक आणि शेवटी साबुदाण्याची खिचडी. स्पर्धेचे नियम मी लिहिलेले आहेत. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. भाषण झालं की समोरच्याने एक प्रश्न विचारायचा. आधीच्या वर्षी एका निवृत्त प्राध्यापकांनी एका प्रश्नाला अकरा मिनिटं उत्तर दिलं होतं, म्हणून मी नवा नियम घातला: उत्तर एका वाक्यात द्यावं, फाटे फोडणारा किंवा टाळाटाळ करणारा स्पर्धेतून बाद.

त्या वर्षी समितीतल्या तरुण मंडळींनी विषय ठेवला, 'मद्यपानाचं कायदेशीर वय सरसकट एकवीस करावं'. मी नाव दिलं. मुलीनेही दिलं, हे मला फलकावरची यादी वाचून कळलं. चिठ्ठ्या निघाल्या. ती बाजूने, मी विरुद्ध. बायको पहिल्या रांगेत जाऊन बसली.

मुलगी उत्तम बोलली. अठराव्या वर्षी मत देता येतं, लग्न करता येतं, कर्ज काढता येतं; चोविसाव्या वर्षी माझ्या प्रोग्रॅममधल्या एका चुकीने दोन हजार लोकांचा पगार अडकू शकतो, पण संध्याकाळी एक ग्लास हातात धरायची अक्कल मला नाही, असं सरकारचं म्हणणं आहे. लोक हसले. मीही हसणार होतो, आवरलं. मग मी उठलो. लहान वयात लागलेली सवय सुटत नाही, रस्त्यावर गाडी चालवणारा एकटा नसतो, मर्यादा कुठेतरी आखावीच लागते आणि आखली की ती पाळावी लागते, हे सगळं मी ठासून सांगितलं. शेवटी पाकिटातून परवाना काढून वर धरला. "मी पितो. पण आजवर नियमाबाहेर एक थेंब नाही," असं म्हणून बसणार, तेवढ्यात घंटा झाली आणि मुलगी प्रश्नाला उभी राहिली.

"वक्त्यांना माझा एकच प्रश्न आहे," ती म्हणाली. घरी मला अरे-तुरे करणारी मुलगी. "आपण पहिला घोट घेतलात तेव्हा आपलं वय काय होतं?"

तिला उत्तर माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं, बायकोलाही नाही. तिने नुसता एक खडा टाकून पाहिला होता. मी पंचवीस म्हणालो असतो तर कोण तपासणार होतं? जिंकलोही असतो. पण ती माझ्याकडे बघत होती आणि त्या बघण्यात स्पर्धा नव्हती. गेले दोन महिने बंद झालेलं दार तिने बोटभर उघडून धरलं होतं, असं मला वाटलं.

"एकोणीस," मी म्हणालो.

माझं एक वाक्य संपलं होतं, तरी मी बसलो नाही. सुट्टीच्या दिवशी मित्राच्या वडिलांच्या कांद्याच्या गाळ्यावर, पोत्यांवर बसून आम्ही चौघांनी रम घेतली, हे सांगितलं. घरी आल्यावर वडिलांनी वास कसला येतोय विचारलं आणि मी खोकल्याचं औषध म्हणालो, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस त्यांनी मला समोर उभं करून अडुळशाचा काढा पाजला. त्यांना कळलं होतं की नाही, हे ते जाईपर्यंत मी विचारू शकलो नाही. वीस वर्षं आम्ही एका घरात त्या खोट्या खोकल्यासकट राहिलो. परीक्षक घंटा वाजवत राहिले. मी फाटे फोडले म्हणून माझ्याच नियमाने बाद झालो. निवृत्त प्राध्यापकांनी तेवढ्या टाळ्या आयुष्यात वाजवल्या नसतील.

खिचडी घेऊन आम्ही दोघं क्लबहाउसच्या पायऱ्यांवर बसलो. बराच वेळ ती शेंगदाणे बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्या पार्टीच्या दिवशी माझ्या मैत्रिणीला खूप त्रास झाला. उलट्या. मी घाबरले होते. तुला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला."

"का?"

"तू आधी तिचं वय विचारलं असतंस."

मी विचार करून पाहिला. "विचारलं असतं," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसली आणि मी मात्र हसू शकलो नाही.

कायद्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पंचवीसच बरोबर, असं मला आजही वाटतं आणि त्यावर आमचे दर रविवारी वाद होतात. ती मला पुराणवस्तू म्हणते, मी तिला अर्धवट म्हणतो, बायको दोघांना जेवायला बोलावते. घरात आवाज आहे. मला बरं वाटतं.

स्पर्धेनंतर काही महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी चारला तिचा फोन आला. "बाबा, टीम लंच होतं. मी दोन घेतल्यात. स्कूटर चालवणार नाहीये. येतोस?"

"कुठे येऊ?" मी विचारलं.

ती ऑफिसच्या फाटकापाशी उभी होती. गाडीत बसल्यावर मी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मुंढव्याच्या पुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि ती बोलत होती: काय प्यायली, कोण काय म्हणालं, नवा साहेब कसा आहे, मैत्रिणीचं लग्न मोडायला आलंय, तिला स्वतःला कोण आवडायला लागलंय. हडपसर येईपर्यंत ती थांबली नाही. तिला पंचवीस पूर्ण व्हायला अजून सात आठवडे होते. मी गाडी सोसायटीच्या फाटकावरून तशीच पुढे नेली आणि आणखी एक चक्कर मारली.