छपराच्या पुलावरचा ताणा
इथं सोलापूरच्या गिरणीत खळ शिजायला लागली, की तिच्या वासानं मी आमच्या ओढ्यावरच्या जुन्या, छपराच्या लाकडी पुलावर जाऊन पोचतो. पावसाळ्यात गावातले विणकर त्या छपराखाली ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, लांबवून सुताला खळ लावत. त्या साली महायुद्धाच्या लढाईमुळं सूत मिळत नव्हतं, मी चौथीतच शाळा सोडून मागावर बसलो होतो. बहिणीच्या लग्नाच्या लुगड्याचा आमचा ताणा पुलावर असताना शेजारच्या आप्पानं मुद्दाम त्यावरून म्हशी हाकल्या, आणि वर हसून म्हणाला, "म्हशीला काय कळतंय रं, सूत का गवत!" पुढं त्याचा ताणा लागला, तसा मी तो कापून टाकायला कमरेला वस्तरा खोचून पुलावर गेलो. त्याच्या बायकोला, आक्काला, काय ठाऊक! "बरं आलास रं, ही टोकाची काठी धर, माझा हात भरून आलाय," ती म्हणाली. ओल्या ताण्याला हात मागितला तर विणकर नाही म्हणत नाही, मी धरली. दुसऱ्या टोकाला तो होता. मी काठी सोडली असती तर सगळं सूत चिकटून वाया गेलं असतं; माझ्या मनात तेच आहे, हे त्यानं ओळखलं. "सोडू नगंस रं लेकरा," तो पुटपुटला. "म्हशीला कळत न्हाय आप्पा, मला लई कळतंय," म्हणत मी मूठ जरा सैल केली, पुन्हा आवळली. ताणा वाळेस्तोवर तेच करत राहिलो; तो घामानं निथळत होता. सूत एकही तुटलं नाही. वस्तरा कमरेलाच राहिला, हे त्या आक्काचे उपकार. आप्पाला मात्र मी क्षमा केलेली नाही. खळीचा वास आला की अजून माझी मूठ आपोआप सैल होते, आणि मला माझीच भीती वाटते.