तोंडावर बोट

मुलीला आणायला मी बालवाडीत जरा लवकर पोचले. खिडकीतून पाहिलं, तर सगळा वर्ग हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसला होता. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "आता बोट काढा, डबे उघडा." एकदम कलकलाट झाला.

कोपऱ्यात उभी केलेली एक मुलगी मात्र तशीच राहिली. बाई तिला विसरल्या होत्या. तिचं नाक वाहून बोटावर आलं, तरी बोट हललं नाही.

बाई वाईट नव्हत्या. एकाचा घट्ट बसलेला डबा त्या पदराने धरून मायेने उघडत होत्या. मोठ्यांच्या मनातून शिक्षा लगेच निघून जाते. लहानांची मात्र कुणीतरी येऊन संपवेपर्यंत चालूच राहते.

"बाई, ती..." मी दारातून आत येत सुरुवात केली.

"आई, वर्ग सुटेपर्यंत बाहेर थांबायचं," त्या शांतपणे म्हणाल्या.

माझी मुलगी उद्याही यांच्याच वर्गात बसणार होती. मी मागे सरले.

कोपऱ्यातली मुलगी माझ्याकडेच बघत होती. तिच्या तोंडावर बोट होतं. माझ्या तोंडावर नव्हतं, तरी मी बोलले नाही.